व्हिएतनामी पद्धतीच्या कॉफीचे आइस्क्रीम घरी करताना: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

जास्त भाजलेल्या रोबस्टा या कडक चवीच्या जातीच्या कॉफीचा थेंबाथेंबाने गाळलेला दाट अर्क आणि कंडेन्स्ड मिल्क या दोन पदार्थांवर व्हिएतनामी पद्धतीची कॉफी उभी असते. त्याच दोन पदार्थांचे आइस्क्रीम करणे वरवर पाहता सोपे वाटते, आणि म्हणूनच त्यात चुका फार होतात. क्रीममध्ये मिल्कमेडचा डबा ओतायचा, कपभर कॉफी घालायची आणि डबा फ्रीझरमध्ये ठेवून द्यायचा, एवढ्यावर पुष्कळ जण थांबतात. दुसऱ्या दिवशी डब्यात एक तर चमचा न शिरणारी बर्फाची लादी निघते, नाही तर कितीही वेळ ठेवले तरी न गोठणारा चिकट गोळा निघतो.

या दोन्ही बिघाडांचे मूळ एकच आहे: पाणी आणि साखर यांचा हिशेब ठेवला जात नाही. कपभर कॉफी म्हणजे जवळजवळ कपभर पाणीच असते, आणि ते गोठले की त्याचा बर्फ होतो. दुसरीकडे कंडेन्स्ड मिल्कमध्ये साधारण ४० ते ४५ टक्के साखर असते, आणि साखर पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते. त्यामुळे साखर कमी पडली तर आइस्क्रीम दगडासारखे होते आणि जास्त झाली तर घरच्या फ्रीझरमध्ये ते कधीच घट्ट होत नाही. पुढील कृतीतला प्रत्येक टप्पा हा हिशेब नीट राहावा यासाठीच आहे, म्हणून टप्प्यांचा क्रम बदलू नये.

खान्देशात हे आइस्क्रीम करताना आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४४ अंशांच्या पुढे जातो, गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी हात भाजेल इतके तापते, आणि ऐन वेळी वीज जाते. तालुक्याच्या गावी ३५ टक्के फॅटचे क्रीमही सहज मिळत नाही. या अडचणी धरूनच येथील प्रमाण ठरवले आहे.

साहित्य

हे प्रमाण साधारण १,१०० ग्रॅम मिश्रणाचे असून त्यात दहा ते बारा वाट्या आइस्क्रीम होते. त्यात अंडे नाही.

- म्हशीचे दूध किंवा पाकिटातले फुल क्रीम दूध: ५०० ग्रॅम
- कंडेन्स्ड मिल्क: ३५० ग्रॅम, शिवाय शेवटच्या थरांसाठी ५० ग्रॅम
- २५ टक्के फॅटचे फ्रेश क्रीम: २५० मिलीचे एक पाकीट
- कॉफीची पूड: ४५ ग्रॅम
- कॉफीसाठी पाणी: २०० मिली
- कॉर्नफ्लोअर: १० ग्रॅम
- मीठ: एक चिमूट

साखर आणि दुधाची पावडर या यादीत मुद्दाम नाहीत. साखरेचे कारण वर आलेच आहे. दुधाच्या पावडरीचे कारण मात्र बहुतेकांना ठाऊक नसते, आणि आइस्क्रीम दाट व्हावे म्हणून सवयीने दोन चमचे पावडर घातली जाते. आटवलेले दूध आणि कंडेन्स्ड मिल्क यांतून दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, आधीच भरपूर आलेली असते. त्यात पावडर पडली की हे लॅक्टोज पाण्यात मावत नाही आणि साठवणीत त्याचे बारीक, कडक स्फटिक तयार होतात. आइस्क्रीम पहिल्या दिवशी चांगले लागते, पण चार-पाच दिवसांनी जिभेवर बारीक वाळू आल्यासारखे वाटते. ही कचकच बर्फाची नसल्यामुळे तोंडात विरघळायलाही वेळ लागतो.

टप्पा १: आदल्या दिवशीची तयारी

१. फ्रीझर सर्वांत थंड मापावर करून रिकामा करावा, निदान एक सपाट कप्पा तरी पूर्ण मोकळा ठेवावा. फ्रीझर पुरेसा थंड आहे की नाही हे तपासण्यासाठी बाजारातला आइस्क्रीमचा एक कप त्यात रात्रभर ठेवावा आणि सकाळी मधोमध चमचा दाबून पाहावा. चमचा सहज रुतला, तर त्या फ्रीझरमध्ये घरचे आइस्क्रीम घट्ट होणार नाही. तापमापक असेल तर उणे १८ अंश हे लक्ष्य धरावे.

२. वासाची भांडी वेगळी काढावीत. आपल्याकडच्या स्वयंपाकघरात हा मुद्दा किरकोळ मानता येत नाही. ज्या मिक्सरच्या भांड्यात काळा मसाला किंवा लसणाची चटणी वाटली जाते, त्याच्या झाकणाच्या रबरात तो वास कितीही धुतले तरी राहतो, आणि दुधातील स्निग्धांश वास फार लवकर धरतो. म्हणून कॉफीच्या बिया त्या भांड्यात दळू नयेत आणि आइस्क्रीमही त्यात फिरवू नये. फ्रीझरमध्ये लसूण सोलून ठेवला असेल किंवा भरीत उरले असेल, तर ते हवाबंद डब्यात घालून दूर ठेवावे.

३. वजनकाटा जवळ ठेवावा. वाटी-चमच्याच्या मापाने पाण्याचा हिशेब जमत नाही. दूध ज्या पातेल्यात आटवायचे ते जाड बुडाचे असावे, आणि रिकाम्या पातेल्याचे वजन आधीच कागदावर लिहून ठेवावे.

४. आइस्क्रीमसाठी स्टीलचा किंवा ॲल्युमिनियमचा पसरट, घट्ट झाकणाचा डबा फ्रीझरमध्ये ठेवून द्यावा.

वेळ अशी आखावी की संध्याकाळी कॉफी आणि मिश्रण तयार होईल, रात्रभर ते फ्रीजमध्ये मुरेल आणि पहाटे गोठवायला घेता येईल. दुपारच्या उन्हात आणि विजेच्या भरवशावर गोठवण्याचे काम काढू नये.

टप्पा २: कॉफीची निवड आणि अर्क

बहुतेक आइस्क्रीम चवीच्या बाजूने येथेच फसते, म्हणून हा टप्पा सावकाश वाचावा.

पूड निवडताना पाकिटाची मागची बाजू पाहावी. आपल्याकडे फिल्टर कॉफी म्हणून मिळणाऱ्या पुडीत बहुधा चिकोरी, म्हणजे एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळांची पूड, मिसळलेली असते आणि तिचे प्रमाण पाकिटावर छापलेले असते. २० टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते. तिच्यामुळे अर्काला दाटपणा आणि जळक्या साखरेसारखी चव येते, आणि ती कंडेन्स्ड मिल्कशी जुळते. चिकोरी ४० टक्क्यांच्या आसपास गेली की मात्र आइस्क्रीमला कॉफीपेक्षा काढ्याची चव येते. शक्य असेल तर जास्त भाजलेली रोबस्टा मागवावी. कर्नाटकातल्या कोडगू-चिक्कमगळुरूकडची आणि केरळातल्या वायनाडची रोबस्टा आता घरपोच मिळते. आंबट-फळांच्या चवीची, हलकी भाजलेली अरेबिका येथे उपयोगाची नाही. कंडेन्स्ड मिल्कच्या गोडीपुढे ती टिकत नाही आणि थंडीत तिचा सुगंध जवळजवळ नाहीसा होतो.

व्हिएतनाममध्ये कॉफी गाळण्यासाठी फिन नावाचे लहान धातूचे गाळणे वापरतात. ते नसले तरी काही अडत नाही, कारण दोन मजली स्टीलचे दाक्षिणात्य कॉफी फिल्टर तेच काम करते. उलट एकदम ४५ ग्रॅम पूड मावत असल्यामुळे या कामाला ते अधिक सोयीचे पडते. लहान फिनमध्ये एवढी पूड दोनदा घालून अर्क काढावा लागतो. फिनसाठी पूड थोडी जाडसर हवी, कारण फिल्टरची बारीक पूड त्याच्या भोकांत अडकते किंवा खाली उतरते.

१. पाणी आरओचे किंवा पिण्याचे गोडे घ्यावे. बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरल्यास अर्क सपक आणि मचूळ लागतो.

२. फिल्टरचा वरचा भाग गरम पाण्याने विसळून कोरडा करावा, त्यात पूड घालून सारखी करावी आणि चकतीने अगदी हलके दाबावे. जोर लावून दाबल्यास पाणी उतरतच नाही, आणि मग पूड तासभर गरम पाण्यात राहून अर्क कडूजहर होतो.

३. पाण्याला उकळी आल्यावर गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबावे. त्यातले साधारण ४० मिली पाणी पुडीवर गोल फिरवत ओतावे आणि मिनिटभर थांबावे. पूड फुगून वर येते आणि तिच्यातून बारीक बुडबुडे फुटताना दिसतात. ते शांत झाल्यावर उरलेले १६० मिली पाणी ओतून झाकण ठेवावे.

४. अर्क उतरायला वीस मिनिटे ते पाऊण तास लागतो. घाईने फिल्टर आपटू नये, चकती वरून दाबू नये आणि पूड पिळू नये. पिळल्यावर जो शेवटचा अर्क निघतो त्यात तुरटपणाच अधिक असतो.

पडताळणी: पूड स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून २०० मिली पाण्यातून जवळपास ११० मिली अर्क मिळायला हवा. १३० मिलीपेक्षा जास्त मिळाला असेल, तर पूड कमी पडली किंवा पाणी जास्त झाले असे समजावे आणि त्यातला पहिला उतरलेला ११० मिलीच वापरावा. यासाठी खालचे भांडे आधीच मापाचे घेतलेले बरे.

इशारा: अर्क कमी कडक वाटला म्हणून तो गॅसवर आटवू नये. आटवल्याने सुगंध उडून जातो आणि कडूपणा तेवढा मागे राहतो.

इन्स्टंट कॉफीच हाताशी असेल, तर चिकोरी नसलेली १५ ग्रॅम पूड ६० मिली गरम पाण्यात विरघळवून घ्यावी. अशा वेळी पाणी कमी येत असल्यामुळे पुढच्या टप्प्यात दूध थोडे कमी आटवले तरी चालते. चव ठीक लागते, परंतु गाळलेल्या अर्काचा दाटपणा तिच्यात येत नाही.

टप्पा ३: दूध आटवणे

कॉफी उतरत असतानाच हे काम सुरू करावे. रतिबाचे म्हशीचे दूध निर्भेळ असेल तर उत्तम, कारण त्यात साधारण साडेसहा-सात टक्के स्निग्धांश असतो. दुधाच्या दाटपणाबद्दल शंका असेल तर पाकिटातले फुल क्रीम दूध घ्यावे. त्यात किमान ६ टक्के फॅट असणे बंधनकारक असल्याने हिशेब चुकत नाही. सकाळचे उरलेले, दोनदा तापवलेले दूध या कामाला घेऊ नये. कॉफी आंबटसर असते, आणि उन्हाळ्यात अर्धवट उतरलेले दूध तिच्या संपर्कात येताच फाटते.

१. ५०० ग्रॅम दुधातले ४० ग्रॅम थंड दूध वाटीत काढून त्यात १० ग्रॅम कॉर्नफ्लोअर गुठळी न ठेवता कालवावे.

२. उरलेले ४६० ग्रॅम दूध मध्यम आचेवर उकळावे आणि कडेची साय सतत आत मोडत आटवावे. बुडाला लागलेला करपट वास कॉफीत झाकला जाईल, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो गार झाल्यावर अधिकच जाणवतो.

३. दहा-बारा मिनिटांनी पातेले काट्यावर ठेवावे. पातेल्याचे वजन वजा जाता ३६० ग्रॅम दूध उरले की आटवणे थांबवावे. इन्स्टंट कॉफी वापरणार असाल तर ४०० ग्रॅमवर थांबावे.

४. आच मंद करून कालवलेले कॉर्नफ्लोअर ढवळत ढवळत धार धरून ओतावे. दूध चमच्याच्या पाठीला धरू लागल्यावरही दोन मिनिटे ते खदखदू द्यावे. कॉर्नफ्लोअर मोकळे पाणी धरून ठेवते आणि त्यामुळे बर्फाचे कण मोठे होत नाहीत. मात्र ते कच्चे राहिले तर आइस्क्रीमला पिठूळ चव येते, आणि ती नंतर घालवता येत नाही.

टप्पा ४: मिश्रण, आणि कशानंतर काय घालावे

१. गॅस बंद करून आधी ३५० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क घालावे. डब्यांचे वजन कंपनीनुसार निराळे असते, म्हणून डबा पूर्ण न ओतता वजन करूनच घ्यावे. कंडेन्स्ड मिल्क घातल्यावर पातेले पुन्हा आचेवर ठेवू नये, कारण साखरेमुळे ते चटकन बुडाला लागते.

२. त्यानंतर फ्रेश क्रीम घालावे. पाकिटातल्या या क्रीममध्ये २५ टक्केच फॅट असल्यामुळे ते फेटून फुगत नाही. इंटरनेटवरच्या बहुतेक कृती ३५ टक्क्यांच्या क्रीमसाठी लिहिलेल्या असतात. त्या वाचून हे क्रीम पंधरा-वीस मिनिटे फेटत बसल्यास ते पातळच राहते किंवा त्याचे लोणी निघते. या कृतीत क्रीम फेटायचेच नाही, हवा गोठवताना भरायची आहे. केकवाल्यांकडे मिळणारी वनस्पती तुपाची व्हिपिंग क्रीम फुगते खरी, पण ती आधीच गोड केलेली असते आणि तिचा थर टाळूला चिकटून कॉफीची चव झाकून टाकतो. माझ्या मते ती या आइस्क्रीममध्ये कधीच वापरू नये.

३. पातेल्याला बाहेरून हात लावता येईल इतके मिश्रण कोमट झाले की गाळलेला कॉफीचा अर्क आणि चिमूटभर मीठ घालावे. मिठाने कडूपणाची धार कमी होते. अर्क उकळत्या मिश्रणात ओतल्यास दोन तोटे होतात: सुगंध वाफेबरोबर जातो, आणि दूध जरा जरी जुने असेल तर फाटते.

४. सगळे मिश्रण बारीक गाळणीतून गाळून घ्यावे, म्हणजे सायीचे तुकडे आणि कॉफीची उतरलेली पूड मागे राहते.

पडताळणी: गाळलेल्या मिश्रणाचे वजन १,०८० ते १,१२० ग्रॅमच्या दरम्यान असावे. चव मात्र गरम असताना पाहून निर्णय घेऊ नये. चमचाभर मिश्रण वाटीत घालून दहा मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवावे आणि मग चाखावे, कारण थंडीत गोडवा आणि सुगंध दोन्ही कमी जाणवतात. कोमट असताना थोडे जास्त गोड आणि थोडे जास्त कडक वाटणारे मिश्रणच गोठल्यावर बरोबर लागते. कॉफी कमी वाटल्यास अर्धा चमचा इन्स्टंट पूड दोन चमचे कोमट मिश्रणातच विरघळवून मिसळावी, पाण्यात कालवू नये. कडू वाटल्यास साखर न घालता दोन-तीन चमचे क्रीम घालावे.

टप्पा ५: झटपट गार करणे आणि मुरवणे

पुणे-नाशिककडच्या कृतींमध्ये मिश्रण खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे असे सर्रास लिहिलेले असते. मे महिन्यात धुळ्या-जळगावला खोलीचे तापमान ३८-४० अंश असते आणि त्या तापमानाला दूध लवकर उतरू लागते. टाकीच्या पाण्यात पातेले ठेवूनही उपयोग होत नाही, कारण ते पाणीच गरम असते. म्हणून परातीत माठातले पाणी घेऊन त्यात बर्फाचे तुकडे टाकावेत, पातेले त्यात ठेवावे आणि मिश्रण अधूनमधून ढवळावे. अर्ध्या तासात ते गार होते.

त्यानंतर झाकण लावून फ्रीजच्या खालच्या भागात, सर्वांत मागच्या बाजूला, निदान आठ तास ठेवावे. या मुरण्यात स्निग्धांशाचे कण घट्ट होतात आणि कॉर्नफ्लोअर व दुधातील प्रथिने पाणी शोषून घेतात. सकाळी मिश्रण आदल्या रात्रीपेक्षा स्पष्टपणे दाट झालेले दिसते. हा टप्पा वगळून कोमट मिश्रण थेट फ्रीझरमध्ये ठेवणे ही सर्वांत जास्त केली जाणारी चूक आहे. गोठायला जितका जास्त वेळ लागतो तितके बर्फाचे कण मोठे होतात.

टप्पा ६: गोठवणे

यासाठी दोन मार्ग आहेत. हाताने फिरवायचा आइस्क्रीमचा पॉट घरात असेल, तर मी तोच वापरावा असे आग्रहाने सांगेन. फ्रीझर जे काम साडेतीन-चार तासांत करतो ते पॉट वीस-पंचवीस मिनिटांत करतो, आणि विजेची गरजही लागत नाही.

*पॉटमध्ये करताना*

१. पाच-सहा किलो बर्फ गोणपाटात गुंडाळून मोगरीने सुपारीएवढा बारीक करावा. मोठे तुकडे ठेवल्यास आतल्या डब्याभोवती पोकळी राहते.

२. गार मिश्रणाने आतला डबा दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, कारण फिरवताना मिश्रण फुगते.

३. बाहेरच्या बादलीत बर्फाचा थर आणि त्यावर जाड्या मिठाचा थर असे भरत जावे. वजनाने चार भाग बर्फाला एक भाग मीठ घ्यावे. मीठ वाचवल्यास बर्फ शून्य अंशाच्या आसपासच राहतो आणि साखरेचे मिश्रण त्या तापमानाला गोठत नाही.

४. पहिली पाच मिनिटे सावकाश आणि नंतर न थांबता जोराने फिरवावे. बादलीचे वरचे भोक मोकळे ठेवून खारे पाणी डब्याच्या झाकणाखालीच राहील असे पाहावे. भर उन्हाळ्यात बादलीभोवती ओले गोणपाट बांधावे.

५. दांडा फिरवणे जड झाले की थांबावे. म्हशीच्या दुधाचा स्निग्धांश जास्त असल्यामुळे त्यापुढेही फिरवत राहिल्यास लोण्याचे पिवळसर कण सुटतात आणि आइस्क्रीम टाळूला तुपकट लागते.

इशारा: झाकण उघडण्यापूर्वी त्यावरचे मीठ आणि पाणी ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. चमचाभर खारे पाणी आत गेले तर सगळी मेहनत वाया जाते.

*फ्रीझरमध्ये करताना*

१. गार डब्यात मिश्रणाचा तीन-चार सेंटिमीटर जाडीचाच थर घ्यावा. उंच डब्यात कडा दगड होतात आणि मध्य पातळ राहतो.

२. सव्वा तासाने पाहावे. कडेपासून दोन बोटे गोठले असेल तेव्हा सगळे खरवडून गार भांड्यात घ्यावे आणि विजेच्या हँड बीटरने दोन मिनिटे फेटावे. फक्त मिक्सरच असेल, तर वास नसलेले भांडे फ्रीझरमध्ये गार करून थांबत थांबत तीन-चार वेळाच फिरवावे, कारण सलग फिरवल्यास पात्यांच्या उष्णतेने मिश्रण वितळते.

३. पाऊण-पाऊण तासाच्या अंतराने हे आणखी तीन वेळा करावे. पहिल्या फेटण्यात बर्फाची पाती मोडतात आणि पुढच्या फेटण्यांत हवा भरली जाते, म्हणून एकदाच जोरात फेटून चालत नाही. शेवटच्या वेळी मिश्रण चमच्यावरून ओघळणार नाही इतके दाट असावे.

टप्पा ७: थर आणि अंतिम घट्टपणा

राखून ठेवलेले ५० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क फ्रीजमध्ये गार करून घ्यावे. डब्यात आइस्क्रीमचा एक थर पसरून त्यावर त्याची बारीक धार सोडावी, पुन्हा थर द्यावा, पुन्हा धार सोडावी आणि सुरी एकदाच नागमोडी फिरवावी. साखर जास्त असल्यामुळे या रेघा फ्रीझरमध्येही मऊच राहतात. त्या जास्त ढवळू नयेत, नाही तर आइस्क्रीमच मऊ पडते.

वरून बटर पेपर पृष्ठभागाला चिकटवून झाकण लावावे आणि सहा ते आठ तास डबा हलवू नये. या वेळेत वीज गेली तर फ्रीझरचे दार अजिबात उघडू नये. भारनियमनाची वेळ माहीत असेल, तर डब्याच्या दोन्ही बाजूंना आधीपासून गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या लावून ठेवाव्यात, म्हणजे दोन-तीन तास निभावतात. आइस्क्रीम पूर्ण वितळलेच, तर ते पुन्हा गोठवू नये. गार असेपर्यंत कोल्ड कॉफी म्हणून पिऊन संपवावे, आणि कोमट झाले असेल तर टाकून द्यावे.

बिघाड ओळखणे

तोंडात बर्फाचे खडे लागत असतील तर दूध पुरेसे आटले नाही, कॉफीचा अर्क पातळ होता किंवा मुरवण्याचा टप्पा गाळला गेला. पहिल्या दिवशी मऊ असलेले आइस्क्रीम आठवड्याने खडबडीत झाले, तर दोष कृतीत नसून फ्रीझर वारंवार उघडण्यात किंवा वीज जाण्या-येण्यात असतो. अर्धवट वितळून पुन्हा गोठताना बारीक कण एकमेकांना जोडून मोठे होतात. अजिबात न गोठणाऱ्या आइस्क्रीममध्ये बहुतेक वेळा कोणीतरी वरून साखर किंवा पूर्ण डबा घातलेला असतो. त्यावर उपाय आहे. ते वितळवून त्यात १५० ग्रॅम गार आटवलेले दूध मिसळावे आणि लगेच पुन्हा गोठवावे, मात्र ते सारा वेळ फ्रीजच्या गारव्यातच असायला हवे. तुपकट झालेले आइस्क्रीम मात्र सुधारत नाही.

टप्पा ८: वाढणे आणि साठवणे

घरच्या आइस्क्रीममध्ये हवा कमी असल्याने ते विकतच्यापेक्षा कठीण असते. उन्हाळ्यात ते ओट्यावर ठेवून मऊ करू नये, कारण कडा वितळतात आणि मध्य तसाच राहतो. वाढण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. वाट्या आधी गार कराव्यात आणि चमचा गरम पाण्यात बुडवून, पुसून मग काढायला घ्यावे. हवे तेवढेच काढून डबा लगेच बंद करावा, बटर पेपर पुन्हा चिकटवून ठेवावा आणि दोन आठवड्यांच्या आत संपवावे.

रोबस्टात अरेबिकापेक्षा कॅफीन जवळपास दुप्पट असते. लहान मुलांना हे आइस्क्रीम चमचा-दोन चमचेच द्यावे, आणि ज्यांना कॉफीने झोप लागत नाही त्यांना ते रात्रीच्या जेवणानंतर न देता दुपारी द्यावे.